कॉइलओव्हर घेताना: आधी फूटपट्टी, मग क्रेडिट कार्ड

हिवाळी टायर उतरले आणि ऊन जरा रेंगाळायला लागलं की स्टुटगार्टमधल्या आमच्या मराठी मंडळींतून एखाद्याचा तरी निरोप येतोच. ‘जुनी जीटी८६ घेतलीय, कॉइलओव्हर कुठले टाकू?’ कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि डॅम्पर (शॉकअप) यांची एकत्र बसवलेली जोडी. सोबत तीन-चार लिंका. खाली पुरवणी: ‘याला ३० क्लिक आहेत, त्याला १६च, मग पहिलाच बरा ना?’

क्लिक, म्हणजे डॅम्परच्या नॉबचे टप्पे, राहू द्यात बाजूला. गाडी किती खाली बसेल हेही राहू द्या. मी उलट विचारते, ‘तुझ्या गाडीचं पुढचं चाक आत्ता वर किती जातं आणि खाली किती?’ याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं, आणि कुठलं किट घ्यायचं हे तर तिथेच ठरतं. दीडशे युरोचं असो नाही तर तीन हजारांचं, चाकाला हलायला जागा उरली नाही तर सगळे डॅम्पर सारखेच.

पुढचं सगळं मी टोयोटा जीटी८६ डोळ्यांसमोर ठेवून सांगते, कारण ती माझ्याकडे आहे आणि तिच्याखाली मी बराच वेळ झोपलेली आहे. सुबारू बीआरझेड म्हणजे तिचीच सख्खी बहीण, दोघी सुबारूच्याच कारखान्यात बनल्या, त्यामुळे तिलाही हेच लागू. २०१२ साली आलेली ही गाडी वजनाला साडेबाराशे किलोच्या आसपास, त्यातलं पुढे साधारण ५३ टक्के. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे चाकाला वरून डॅम्परच धरतो आणि खालून एक आडवा आर्म; मागे डबल विशबोन, म्हणजे चाकाला वर आणि खाली आर्म. टायर २१५/४५ आर१७. चारही कोपऱ्यांत स्प्रिंग डॅम्परवरच बसलेली, म्हणजे मूळ रचनाच कॉइलओव्हरची. कंपनीच्या आणि बाजारातल्या किटमध्ये फरक एवढाच, की बाजारातल्याला आटे असतात, उंची बदलता येते आणि स्प्रिंग-डॅम्पर कडक असतात. कशासाठी कडक, हे समजून घेतलंत तर दुकानदार तुम्हाला गंडवू शकत नाही.

चाकाला जागा किती?

खर्च शून्य. एक फूटपट्टी आणि प्लॅस्टिकच्या बारीक केबल टाय पुरतात.

गाडी सपाट जागी उभी करा. प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायर झिजला किंवा बदलला की तो आकडा निकामी होतो. मग जॅकवर गाडी उचलून चाक लोंबू द्या आणि तेच अंतर पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे चाकाला खाली जायला मिळणारा वाव. उंचवट्यावरून गाडी हलकी झाली की टायर रस्त्याला धरून ठेवतो तो हाच.

वरचा वाव मोजायला जरा खटपट आहे. चाक काढा, पुढच्या स्ट्रटचं धुळीचं रबरी कव्हर वर सरकवा, चकचकीत दांड्यावर केबल टाय आवळा आणि ती खाली डॅम्परच्या तोंडाशी टेकवा. कव्हर परत बसवा. आता तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर तुमच्या नेहमीच्या पद्धतीने चालवून या. टाय दांड्यावर जिथवर ढकलली गेली तिथवर डॅम्पर दबला होता. ती बंप स्टॉपला, म्हणजे दांड्याच्या वरच्या टोकाला असलेल्या फोमच्या ठोकळ्याला, जाऊन चिकटली असेल तर त्या ठोकळ्याने काम केलेलं आहे. यात घाबरण्यासारखं काही नाही. कंपनीच्या गाड्यांत बंप स्टॉप हा स्प्रिंगचाच भाग धरलेला असतो, हळूहळू कडक होत जाणारा. वाईट तेव्हा, जेव्हा गाडी ४० मिलिमीटर खाली बसवली जाते आणि साध्या वळणावरसुद्धा ती त्या ठोकळ्यावरच टेकून उभी असते. तेव्हा पुढची पकड एकाएकी सुटते आणि चालवणारा टायरला शिव्या घालतो.

रस्त्यावरच्या गाडीसाठी माझा हिशेब असा, की उभ्या गाडीत बंप स्टॉपला टेकेपर्यंत पुढे किमान ५०-५५ मिलिमीटर उरलेच पाहिजेत. ते देत नाही ते किट माझ्या यादीतून बाद, मग रंग कितीही सोनेरी असो.

स्प्रिंगचे आकडे कसे वाचायचे

जपानी आणि तैवानी किटवर स्प्रिंगचा कडकपणा किलो प्रति मिलिमीटरमध्ये लिहितात, युरोपी किटवर न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये. दहाने गुणलं-भागलं की काम चालतं. जीटी८६च्या मूळ स्प्रिंग पुढे साधारण अडीच किलोच्या आणि मागे साडेतीनच्या आसपास, वर्ष आणि मॉडेलप्रमाणे थोड्या इकडे-तिकडे. बाजारात ‘स्ट्रीट’ म्हणून ४ किलोपासून ‘ट्रॅक’ म्हणून ८-१० किलोपर्यंत सगळं मिळतं.

आता एकच गणित करा. चालकासकट गाडी १३२५ किलो धरली तर पुढच्या एका चाकावर साडेतीनशे किलोच्या वर भार येतो. त्यातून चाक, ब्रेक, हब वगैरेचं वजन वजा केलं की स्प्रिंगवर उरतात साधारण ३२० किलो. स्ट्रट थोडा तिरका असल्याने प्रत्यक्ष स्प्रिंगला ३३५-३४० किलो पेलावे लागतात. अडीच किलोची स्प्रिंग या भाराखाली १३५ मिलिमीटर दबते. ६ किलोची ५६. ८ किलोची फक्त ४२.

हे तीन आकडे दोनदा वाचा, कारण ते दोन गोष्टी सांगतात. पहिली अशी, की ६ किलोची स्प्रिंग लावली तर चाक खाली लोंबायला जास्तीत जास्त ५६ मिलिमीटरच मिळणार, त्यापुढे स्प्रिंग सैल पडते. म्हणून चांगल्या किटमध्ये मुख्य स्प्रिंगच्या जोडीला एक चपटी, मऊ हेल्पर स्प्रिंग असते. ती वजन पेलत नाही, मुख्य स्प्रिंगला जागेवर धरून ठेवते. दुसरी अशी, की खड्ड्यात किंवा दरीसारख्या उतारात चाकावरचा भार क्षणभर दुप्पट झाला तर स्प्रिंग आणखी तितकीच दबते. म्हणजे ६ किलोच्या स्प्रिंगला वर ५६ मिलिमीटर लागतात. माझ्या ५०-५५च्या आग्रहामागे हेच आहे. आणि गाडी खाली बसवायची तर स्प्रिंग कडक का करावी लागते, तेही यातच आलं. जागा कमी केलीत, तर तेवढ्या कमी जागेत तोच भार थांबवायचा आहे. मऊ स्प्रिंग आणि खूप खाली, हे दोन्ही एकत्र मागणाऱ्या गिऱ्हाइकाला काहीही विकता येतं.

बसणाऱ्याला कसं वाटेल, ते गाडीच्या नैसर्गिक कंपनसंख्येवरून कळतं. वरच्याच आकड्यांवरून जीटी८६चं पुढचं टोक मूळ स्प्रिंगवर सेकंदाला साधारण १.३ वेळा हलतं. ४ किलोवर १.७, ६ किलोवर २, ८ किलोवर २.४ च्या जवळ. १.७ पर्यंत सासूबाईंना शेजारी बसवून नेता येतं. २ ला त्या गप्प बसतात. त्यापुढे स्वतःच्या पाठीला विचारून ठरवा.

मागच्या स्प्रिंगबाबत हमखास फसगत होते. किटवर ‘पुढे ६, मागे ६’ असं लिहिलेलं असतं आणि माणूस म्हणतो, वा, दोन्हीकडे सारखं. सारखं नसतं. मागे डॅम्पर विशबोनवर आतल्या बाजूला बसतो, त्यामुळे चाक १० मिलिमीटर हललं तर स्प्रिंग साडेसातच्या आसपास हलते. या गुणोत्तराचा वर्ग करायचा असतो, पाऊण गुणिले पाऊण. म्हणजे मागच्या ६ किलोचे चाकाशी ३.४ उरतात. पुढचे ६ मात्र साडेपाचच्या आसपास राहतात. मूळ गाडीत मागची स्प्रिंग आकड्याने कडक का, ते यातून उलगडतं. ‘सारखं’ किट लावलेली जीटी८६ पुढून ताठ आणि मागून ढिली होते, वळणात नाक बाहेर ढकलते. मागचा आकडा पुढच्याएवढा किंवा कमी दिसला तर विक्रेत्याला कारण विचारा. जड मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा) सोबत देतात, असं काही ठोस उत्तर मिळालं तर ठीक. ‘सगळे हेच घेतात’ असं मिळालं तर दुसरं दुकान बघा.

आणि प्रीलोड. स्प्रिंगखालची रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते, हा समज गॅरेजवाल्यांतही इतका पक्का आहे की मी वाद घालणं सोडलंय. ६ किलोची स्प्रिंग आवळा नाही तर सोडा, ६ किलोचीच राहते. रिंग १० मिलिमीटर वर नेली तर गाडी तेवढीच वर उचलली जाते आणि चाकाचा खाली लोंबण्याचा वाव तेवढा कमी होतो, वरचा वाढतो. बाकी काही होत नाही.

यावरून उंची बदलण्याच्या दोन पद्धतींतला फरक लक्षात येईल. एकीत फक्त स्प्रिंगखालची रिंग फिरते. गाडी जेवढी खाली, तेवढा डॅम्परचा वरचा वाव कमी. दुसरीत डॅम्परचा खालचा तुकडाच आट्यांवर वर-खाली होतो, म्हणून स्प्रिंग आणि डॅम्परमधला वाव तसाच ठेवून उंची बदलता येते. कागदावर दुसरी सरस. पण तिच्यात डॅम्परने ‘अजून जागा आहे’ म्हटलं तरी टायर मडगार्डच्या आत जाऊन घासतो, हे किटवर लिहिलेलं नसतं. पहिली पद्धत निर्मात्याने नेमून दिलेल्या पट्ट्यात वापरली तर अजिबात वाईट नाही. माझ्या गाडीत तीच आहे.

डॅम्पर आणि ते नॉब

डॅम्पर दोन दिशांना काम करतो. दबताना अडवतो ते कॉम्प्रेशन, उलगडताना अडवतो ते रिबाउंड. कॉम्प्रेशन खड्ड्याचा धक्का किती आत येऊ द्यायचा ते बघतो, रिबाउंड दबलेल्या स्प्रिंगला उसळू देत नाही. म्हणून स्प्रिंग जितकी कडक, तितकं रिबाउंड जास्त लागतं. मूळ शॉकअपवर नुसत्या कडक स्प्रिंग टाकल्या की गाडी उंचवट्यानंतर उड्या मारत राहते, ती याचमुळे.

एकच नॉब असलेल्या स्वस्त किटमध्ये तो फिरवला की बहुधा दोन्ही एकदम बदलतात. गाडीचं डोलणं थांबवायला रिबाउंड वाढवलं की खड्ड्यांचा दणकाही वाढतो. मग ३० क्लिकमधले २५ निरुपयोगी होतात आणि माणूस मधल्या कुठल्या तरी आकड्यावर ठेवून विसरून जातो. वाईट नाही, पण मग त्या ३०चे पैसे कशाला? विक्रेत्याकडे मागायचीच असेल तर डायनोची, म्हणजे डॅम्पर तपासणाऱ्या यंत्राची, आलेखपत्रिका मागा: वेगाप्रमाणे बल, डावा आणि उजवा डॅम्पर एकाच कागदावर. दोन रेषा एकमेकींवर बसल्या तर कारखान्यात कुणीतरी लक्ष देतंय. दोन्हींना सारखेच क्लिक लावून डाव्या-उजव्यात फरक दिसला तर तो फरक तुम्हाला ब्रेक मारताना दिसणार आहे. चांगले विकणारे हा कागद खळखळ न करता देतात.

रिबाउंड जास्त झालं हे कसं ओळखायचं? जर्मनीत काँक्रीटच्या ऑटोबानवर जा. पाट्या साधारण ५ मीटरच्या; १२० च्या वेगाने सेकंदाला सहा-सात सांधे चाकाखालून जातात. रिबाउंड फार आवळलेलं असेल तर एका सांध्यावर दबलेला डॅम्पर पुढच्यापर्यंत पुरता उलगडत नाही, गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि राइड लाकडासारखी होते. अशा वेळी लोक स्प्रिंगला दोष देतात. नॉब दोन क्लिक सोडून त्याच पट्ट्यावरून परत जा. उलट, लांब उंचवट्यावरून उतरल्यावर गाडी एकदा खाली जाऊन थांबायच्या ऐवजी पुन्हा वर येत असेल तर आवळा. एका वेळी एकच टोक, दोन क्लिक, आणि वहीत नोंद. जीटी८६मध्ये मागचे वरचे नट डिकीच्या अस्तराखाली असतात. तिथे नॉब असलेलं किट घेतलंत तर अस्तराला आधीच एक भोक पाडून ठेवा, नाही तर दर वेळी अर्धी डिकी उचकटावी लागेल आणि मग तुम्ही काही बदलणारच नाही.

मोनोट्यूब की ट्विनट्यूब, यावर फार डोकं शिणवू नका. मोनोट्यूबमध्ये तेल आणि दाबाखालचा वायू वेगळे राहतात, उष्णता लवकर बाहेर जाते, ट्रॅकवर लागोपाठ फेऱ्या मारणाऱ्याला फायदा. रस्त्यावर उत्तम ट्विनट्यूब सुमार मोनोट्यूबला सहज मागे टाकतं.

किती खाली?

मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत हा प्रश्न दिसतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो, हे सगळ्यांना ठाऊक. पण खालचा आडवा आर्म बाहेरच्या टोकाला वर झुकायला लागतो आणि गाडी ज्याभोवती कलते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोघांतलं अंतर वाढलं की गाडी वळणात जास्त कलायला बघते. म्हणजे ५० मिलिमीटर खाली बसवून तुम्ही एक रोग विकत घेता आणि मग त्यावर औषध म्हणून लांब बॉल जॉइंट घेता. टाय रॉडचे, म्हणजे चाक वळवणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्यांचे, कोनही बिघडतात, खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप थरथरतं. मागे चाकं आपसूक आत कलतात, मग आर्म बदला. पुढे मात्र मूळ कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, जवळपास शून्यच, तिथे जी थोडी ऋण बाजू (वरून आत कल) हवी असते ती उंची कमी करून नीट मिळत नाही. कॅम्बर बोल्ट किंवा वरच्या प्लेटने मिळते.

माझं मत विचाराल तर जीटी८६ला २० ते २५ मिलिमीटर. आर्म जवळपास आडवा राहतो, दिसायला बरं, काही जादा विकत घ्यावं लागत नाही. नुर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफवर, त्या २०.८ किलोमीटरच्या जुन्या वळणवाटेवर, पर्यटकांच्या फेऱ्यांना कुणीही तिकीट काढून जाऊ शकतो, एकदा जाच. फुक्सरोऽरच्या तळाशी गाडी अशी दबते आणि कारुसेलच्या काँक्रीटच्या वाटीत चाकं अशी खडखडतात की जमिनीला चिकटलेल्या गाड्या तिथे मुकाट बाजूला होतात. तिथे सहज चालते ती गाडी आमच्या जवळच्या श्वेबिशे आल्ब डोंगराळ भागातल्या खेडेगावांतल्या रस्त्यांवरही चालते.

पुण्यातला माझा मामेभाऊ आपल्या ऑक्टाव्हिया आरएससाठी विचारतो तेव्हा त्याला मी वेगळं सांगते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने स्पीड ब्रेकर ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच हवा. आपल्या गल्लीतला कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. तिथे कॉइलओव्हर घ्यायचंच तर मूळ उंचीवर बसणारं घ्या, पैसे चांगल्या डॅम्परवर घाला. शिवाय त्या गाडीत मागची स्प्रिंग आणि डॅम्पर वेगवेगळे बसतात, तेव्हा इथले आकडे तिथे जसेच्या तसे लावू नका. कायदाही बघा: मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ नोंदींशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. विम्याच्या दाव्यावेळी हाच मुद्दा आडवा येतो.

कुठलं घ्यायचं

हजार युरोच्या खाली जे मिळतं त्यात मी एवढंच बघते, की सुटे भाग आणि डॅम्पर पुन्हा भरून देण्याची सोय आहे का. तेईनच्या फ्लेक्स झेडसारखी काही किट सीलबंद असतात: डॅम्पर गेला की तो तेवढा बदलायचा, दुरुस्त करायचा नाही. सुटा डॅम्पर वेळेत आणि माफक किमतीत मिळत असेल तर यात वावगं काही नाही. तैवानच्या बीसी रेसिंगचं बीआर लोकप्रिय आहे, कारण मागणीप्रमाणे वेगळ्या स्प्रिंग लावून देतात. तिथे वरचं मागच्या स्प्रिंगचं गणित नक्की वापरा.

जर्मनीत पुढची पायरी बिलस्टाइन आणि केडब्ल्यू. बिलस्टाइनच्या बी१४ मध्ये फक्त उंची बदलते, बी१६ मध्ये डॅम्पिंगही, दोन्ही दिशांना एकत्र, १० टप्प्यांत. केडब्ल्यूच्या व्हेरिअंट १ ला डॅम्पिंग नेमलेलं, २ ला रिबाउंड बदलतं, ३ ला रिबाउंड आणि कॉम्प्रेशन वेगवेगळे. त्यांचा कारखाना स्टुटगार्टपासून तासाभरावर फिख्टेनबर्गला आहे. ओलिन्सचं रोड अँड ट्रॅक याच्याही वर. एकच नॉब, पण आतली झडप अशी की अचानक आलेल्या दणक्याला तेल दोन्ही दिशांना मोकळी वाट काढतं. खराब रस्त्यावर ते जाणवतं. खिशालाही जाणवतं.

मी व्हेरिअंट ३ घेतलं. कारण क्लिक नव्हे, स्टेनलेस स्टीलच्या नळ्या. मी गाडी हिवाळ्यातही चालवते. इथे नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर मीठ पडतं, आणि ॲल्युमिनियमच्या रिंग लोखंडी आट्यांवर दोन हिवाळ्यांत अशा जाम होतात की पाना वाकतो पण रिंग हलत नाही. मग उंची बदलणारं किट हे नावापुरतंच उरतं. हिवाळ्यात गाडी झाकून ठेवत असाल तर हा खर्च वाचवा. नाही तर आटे ब्रशने धुऊन त्यांवर मेणाचा फवारा मारत बसायची तयारी ठेवा.

डॅम्परचं वरचं टोक गाडीला जोडणारा माउंट रबरी की धातूच्या गोळ्याचा, हा प्रश्न आवाजाचा आहे. धातूचा गोळा स्टिअरिंगला नेमकेपणा देतो आणि मिठाच्या पाण्यात लवकर खुळखुळायला लागतो. रोजच्या गाडीला रबर.

जुनं किट घेताय? डॅम्परचा दांडा टॉर्चखाली फिरवून बघा. नखाला लागणारा खड्डा किंवा तेलाचा ओला पट्टा दिसला तर किंमत कितीही पाडली तरी नको. डॅम्पर पूर्ण दाबून सोडा: सुरुवातीला काही मिलिमीटर मोकळा गेला आणि मग अडला तर आत हवा किंवा तेलाची कमतरता आहे. आणि कागद मागा, कुठले ते पुढे सांगते.

बसवणं आणि कागद

बसवणाऱ्या मेकॅनिकला एकच गोष्ट आवर्जून सांगा. खालच्या आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. आधी हातघट्ट ठेवून, गाडीचा भार चाकांवर येऊ देऊन, मग टॉर्कने. हवेत आवळले तर रबरी बुश लोंबत्या स्थितीतच चिकटतो. जमिनीवर आल्यावर तो सतत पिळलेला राहतो, गाडी दोन-चार मिलिमीटर उंच दिसते आणि वर्षभरात रबर फाटतं. लिफ्टवर काम लवकर उरकायच्या नादात हे सर्रास होतं. समोर उभे राहा.

अँटी-रोल बारच्या लिंकची लांबी बघा. उंची बदलल्यावर बार पिळलेला राहिला तर डावी-उजवी वळणं वेगळी वाटतात. कोपऱ्यांचं वजन तराजूवर करून घेणार असाल तर लिंक सोडून करा, आणि चालकाच्या जागी तुमच्या वजनाएवढ्या वाळूच्या पिशव्या ठेवा. रस्त्याच्या गाडीला हा खर्च मी करत नाही. ट्रॅकवर जाणाऱ्याने करावा. दोन्ही तिरक्या जोड्यांची (पुढचं डावं-मागचं उजवं, आणि उरलेली दोन) बेरीज निम्मी-निम्मी आली की पुरे.

दोन-तीनशे किलोमीटर चालवा. स्प्रिंग थोडी बसते. मग पुन्हा फूटपट्टी, रिंगनी उंची सारखी, लॉकिंग रिंग घट्ट, आणि त्यानंतर अलाइनमेंट. अलाइनमेंट आधी आणि उंची नंतर, हे उलटं केलं तर दोनदा पैसे जातात. उंचीचा सेन्सर असलेल्या गाडीत दिव्यांची पातळी तपासून घ्यायला विसरू नका.

आता जर्मनीतले कागद. किटसोबत टाइलगुटआख्टेन, म्हणजे त्या भागाचा तपासणी अहवाल, आलाच पाहिजे. त्यात तुमच्या गाडीचा प्रकार, टायरची मापं आणि उंचीची मर्यादा लिहिलेली असते, बहुतेकदा उरलेल्या आट्यांच्या लांबीत, मिलिमीटरमध्ये. जर्मन वाहन नियमावलीच्या (एसटीव्हीझेडओ) कलम १९ परिच्छेद ३ खालची तपासणी ट्यूव्ह किंवा डेक्रासारखी तपासणी संस्था करते. तपासनीस खरोखर पट्टी लावून आटे मोजतात. मर्यादेबाहेर एक मिलिमीटर असला तरी परत पाठवतात, आणि त्यांचं बरोबर असतं. चाकंही मूळची नसतील तर दोन्ही अहवालांत एकमेकांचा उल्लेख आहे का ते आधी बघा. नसेल तर कलम २१ची स्वतंत्र मंजुरी लागते, ती महाग आणि वेळखाऊ. अहवालच न देणारी आयात किट स्वस्त वाटतात ती याच कारणाने, त्यांचा उरलेला खर्च नंतर येतो. तपासणी न करता गाडी रस्त्यावर आणली तर तिची परवानगीच रद्द होऊ शकते आणि अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते.

तपासणीचा कागद मिळाला की त्या दिवसापासून तो गाडीत ठेवा, आणि त्यावर लिहिलं असेल त्याप्रमाणे नोंदणीपत्रात बदल करून घ्या. मग रिंगवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा, आट्यांपासून रिंगपर्यंत. पुढच्या हिवाळी टायर बदलाच्या वेळी रेघ तुटलेली दिसली तर रिंग सरकली आहे, आणि अलाइनमेंटही.